चाहत्यांच्या तळहातावर

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी कारखाने आले तेव्हापासून पिंपरी-चिंचवड परिसरातील कितीतरी तरुण-तरुणी जपानी भाषेच्या वर्गांना जाऊ लागल्या आहेत. आमच्या धर्मग्रामातील असाच एक तरुण भाषा कानावर पडत राहावी म्हणून सुटीच्या दिवशी जपानी चित्रपट पाहतो. त्याने एकदा आग्रहाने आम्हांस एक चित्रपट दाखविला. ‘पर्फेक्ट ब्लू’ हे त्याचे नाव. तो चित्रांचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट कार्टून म्हणतो त्या जातीचा आहे. तथापि पालकांनी त्या जातीवरून फसू नये. त्यात रक्तपात आहे, स्त्रीवरील अत्याचाराचा एक प्रसंग आहे; तो मुलांसाठी नाही. प्रौढांनी मात्र तो अवश्य पाहावा, असे आमचे मत झाले.

योशिकाझू ताकेउची यांची ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर माणसे घेऊन चित्रपट काढण्याचे प्रथम घाटत होते, परंतु १९९५ च्या जानेवारीत कोबे शहरात झालेल्या भूकंपाने ती योजना बारगळली आणि काम चित्रकारांच्या हाती गेले. दिग्दर्शक सातोशी कोन यांचा हा पहिलाच चित्रपट. तो १९९७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथील महोत्सवात प्रथम दाखविला गेला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस पॅरिसच्या बोगद्यात इंग्लंडच्या डायनाचा अंत झाला, आणि त्या वेळी छायाचित्रकार तिच्या गाडीच्या मागावर होते, हे वाचकांच्या स्मरणात असेल. हा केवळ योगायोग. पण चित्रपटाचा विषय काय आहे हे त्याने चटकन ध्यानात येते. कोन स्वतः २०१० साली, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने निवर्तले.

कथा अशी. मीमा नावाची मुलगी तीन तरुण गायिकांच्या एका मंडळात गाते. निर्मळ, गोड, बाहुलीसारखी अशी तिची प्रतिमा आहे. गाणे सोडून अभिनेत्री व्हावयाचे ती ठरविते, आणि चाहत्यांना ते रुचत नाही. तिला एके दिवशी कळते की संगणकाच्या जाळ्यावर तिच्या नावाने कोणी रोजनिशी लिहीत आहे. गाडीतून उतरताना तिने आधी कोणता पाय टाकला, येथपर्यंत सारे त्यात अचूक असते. पुढे पुढे ती रोजनिशीच खरी आणि आपण खोट्या, असे तिला वाटू लागते. आरशातून, खिडकीच्या काचेतून जुनी मीमा तिच्याकडे पाहून हसते. यापुढचा उलगडा सांगून आम्ही कोणाचा रसभंग करीत नाही; एवढेच म्हणतो की तो ज्या माणसाकडून होतो ते माणूस परके नाही.

या साऱ्यात एक दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. मीमा रंगमंचावर नाचत आहे. गर्दीच्या मागे उभा असलेला एक चाहता आपला हात असा पुढे धरतो की ती दूरवरची चिमुकली आकृती त्याच्या तळहातावरच नाचत असल्याचे त्याला दिसावे. तो कोणालाही इजा करीत नाही, ओरडत नाही. तो नुसता आपल्या तळहाताकडे पाहतो.

अशा गायिकांना जपानात ‘आयडॉल’ म्हणतात. इंग्रजीतून घेतलेला हा शब्द मूळचा मूर्तीसाठीचा आहे, आणि मूर्ती-प्रतिमांविषयी आपल्या ख्रिस्तसभेने शतकानुशतके वाद घातलेला असल्याने आम्हांस तो शब्द खटकला. निसिया येथील दुसऱ्या परिषदेने ७८७ साली असा निवाडा दिला की प्रतिमेला दिलेला मान त्या प्रतिमेमागील व्यक्तीला पोहोचतो. प्रसिद्धीच्या जगात हा मार्ग उलटा झालेला दिसतो. तेथे सारा मान प्रतिमाच ठेवून घेते आणि मागचा माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो.

हे सारे जपानचे, आपल्याकडे असले काही नव्हते, असे तो तरुण म्हणाला. आम्ही त्यास म्हटले, तू रोज कामावर जातोस त्या तळेगाव-चाकण रस्त्याने जाताना भंडाऱ्याचा डोंगर लागतो ना? तेथूनच आरंभ करू.

भंडाऱ्याचा डोंगर हे तुकोबांच्या चिंतनाचे स्थान आणि देहू हे त्यांचे गाव. आमच्या औद्योगिक पट्ट्याला लागूनच इंद्रायणीच्या काठी ते वसले आहे. या भागातल्या दुकानांतून, मालमोटारींतून, घरांतून तुकोबांची तसबीर असते. तुकोबा सतराव्या शतकातले. छायाचित्र नावाची वस्तू तेव्हा जगात नव्हती. मग अनेक तसबिरींतला तो शांत, किंचित वर पाहणारा, वीणा धरलेला चेहरा आला कोठून? त्यामागे पुष्कळ अंशी विष्णुपंत पागनीस या नटाचा चेहरा आहे.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातून १९३३ साली पुण्यास आली. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला तिचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरमध्ये प्रदर्शित झाला. मुंबईत गिरगावच्या सेंट्रल सिनेमागृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. तुकोबांच्या भूमिकेतील पागनीस पूर्वी नाटकांत स्त्रीभूमिका करीत. चित्रपट लागला आणि लोक त्यांच्या पायांवर डोके ठेवू लागले. ते गेले ते नटाला पाहावयास नव्हे, तुकोबांच्या दर्शनाला. चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले बीजाच्या दृष्टांताचे गीतही लोकांनी तुकोबांचा अभंग म्हणूनच स्वीकारले. आजही अनेकांची तशीच समजूत आहे. पुढे पागनीसांच्या वाट्याला आल्या त्याही संतांच्याच भूमिका, तुलसीदास, नरसी भगत. १९४३ साली ते वारले.

पागनीसांच्या बाबतीत हे ओझे गोड होते असे म्हणावे लागेल. भूमिकेशी त्यांचे स्वतःचे मनही एकरूप झाले होते, आणि लोक त्यांच्याकडून जे मागत होते ते देण्यात त्यांना संकोच नव्हता. परंतु त्याच प्रभातमध्ये, अवघ्या एक वर्ष आधी, दुसरा एक स्त्रीभूमिका करणारा नट दुसऱ्या एका संताच्या वेषात कॅमेऱ्यापुढे उभा राहिला होता, आणि प्रेक्षकांनी त्याला पदरात घेतले नाही. तो नट पागनीसांहून शतपट प्रसिद्ध होता. किंबहुना म्हणूनच ते घडले.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, हे आपण शाळेत वाचलेले असते. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले. त्या काळी घरंदाज स्त्री रंगभूमीवर येत नसे; पुरुषच स्त्रीची भूमिका करीत. तेव्हा एका पुरुषाने लुगडे नेसण्यात नवल काहीच नव्हते. नवल होते ते त्या भूमिकेच्या परिणामात. सभ्य घरांतील स्त्रिया या पुरुषाकडे पाहून नेसावयास, केस बांधावयास, फुले माळावयास शिकू लागल्या. त्यांची छायाचित्रे घराघरांत लागली. ते लुगडे नेसून हळदीकुंकवाला जाऊन आले आणि कोणाही बाईला संशय आला नाही, अशी आख्यायिका लोक सांगत. ती खरी असो वा नसो, लोकांना ती सांगावीशी वाटली हे महत्त्वाचे.

१९११ च्या मार्च महिन्याची १२ तारीख. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत व्हावयाचा होता. भामिनीची भूमिका नारायणरावांची. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. मंडळीतील लोक प्रयोग पुढे ढकलावयास तयार असता नारायणराव रंगून उभे राहिले आणि प्रयोग झाला. ही हकीकत महाराष्ट्रात कलानिष्ठेचा आदर्श म्हणून शंभर वर्षे सांगितली जात आहे. आम्हीही ती तशीच ऐकली आणि तशीच मुलांना सांगितली. परंतु तो जपानी चित्रपट पाहिल्यानंतर ती आम्हांस नव्याने आठवली, आणि आजवर न पडलेला प्रश्न पडला. त्या घरात त्या रात्री लक्ष्मीबाई होत्या, मुलीची आई. नाट्यगृहात टाळ्या पडत असता त्या काय करीत होत्या, याची नोंद आठवणींच्या पुस्तकांत आम्ही पुष्कळ शोधली. नारायणरावांच्या धैर्याविषयी पानेच्या पाने आहेत.

प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत, आणि ही नुसती बोलण्याची लकब नव्हती. १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणेशराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. मायबापांना जे द्यावयाचे ते अस्सलच, असा त्यांचा हट्ट. भरजरी शालू खरे, अत्तर खरे, साथीला अहमदजान थिरकवाँसारखे तबलजी आणि कादरबक्षांसारखे सारंगिये. भास्करबुवा बखल्यांची तालीम गळ्यात मुरलेली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणीसाठी लोक रात्रीच्या रात्री जागत, एकेक पद पुन्हा पुन्हा मागून घेत. १९१९ साली राम गणेश गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच त्यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यात फाटके, ठिगळ लावलेले लुगडे नेसून नारायणराव सिंधू झाले, आणि त्या ठिगळाचेही लोकांना वेड लागले. दारिद्र्याची सुद्धा शोभा व्हावी, इतके हे आकर्षण प्रबळ होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला, तेव्हा तिकिटासाठी मुंबईत जी झुंबड उडाली तिची वर्णने अजून निघतात.

याच सुमारास मंडळीवर लाखाच्या वर कर्ज झालेले होते. लोक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकीत होते आणि सावकार दारात बसले होते. दिवाळे काढण्याचा सोपा मार्ग त्यांना सुचविला गेला. त्यांनी तो नाकारला आणि काही वर्षांत नाटके करून करून पै न पै फेडली. या गोष्टीसाठी आम्हांस नारायणरावांविषयी जो आदर आहे तो त्यांच्या गाण्याविषयीच्या आदराहून कमी नाही.

मग काळ पालटला. १९३२ पासून मराठी बोलपट आला, त्यात स्त्रियाच स्त्रियांच्या भूमिका करू लागल्या. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगभूमीवर आल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनी भूमिका केल्या. नारायणराव तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. शरीर स्थूल झाले होते. अशा वेळी प्रभातने त्यांना बोलाविले, आणि व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली १९३५ साली ‘धर्मात्मा’ निघाला. त्यात ते संत एकनाथ झाले. अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ होते, ते तत्कालीन सरकारच्या परिनिरीक्षणाने बदलावयास लावले. विषय थोर, स्टुडिओ उत्तम, आवाज तोच. परंतु प्रेक्षक भामिनीला, रुक्मिणीला पाहावयास आले होते, आणि पडद्यावर होता एक पोक्त पुरुष. पुढेही चित्रपट काढण्याचा करार होता. तो त्या एका चित्रपटावर थांबला.

येथे पागनीसांशी तुलना करून पाहण्यासारखी आहे. दोघेही स्त्रीभूमिकांतून आलेले, दोघेही गाणारे, दोघांनाही त्याच प्रभातने संत केले. पागनीसांचे जुने रूप प्रेक्षकांच्या मनात पक्के ठसलेले नव्हते, म्हणून ते तुकोबा होऊ शकले. नारायणरावांचे रूप घरोघर भिंतीवर टांगलेले होते. त्या भिंतीवरून खाली उतरण्याची परवानगी त्यांना कोणी देईना. कॅमेऱ्यापुढे तुकड्यातुकड्यांनी अभिनय करणे त्यांना मानवले नाही, हे कारणही दिले जाते आणि ते खोटे नाही. समोर मायबाप बसलेले नसता गावे कोणासाठी, हा प्रश्न त्यांना पडला असेल. तरीही मुख्य कारण आम्ही म्हणतो तेच असावे.

ते पुन्हा रंगभूमीवर आले, पुन्हा लुगडे नेसले, आणि साठीच्या उंबरठ्यावरही सिंधू, रुक्मिणी होत राहिले. जुने चाहते डोळे मिटून ऐकत. डोळे मिटणे हा शब्दप्रयोग आम्ही जाणून केला आहे. गाण्यात तल्लीन होऊन मिटत, हे तर खरेच. पण समोरचा म्हातारा माणूस दिसू नये म्हणूनही ते मिटत असतील, अशी शंका येते.

या उतरत्या काळात, १९३८ साली, गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या या गायिका मुळात बालगंधर्वांच्या चाहत्या होत्या. ध्वनिमुद्रिका लावून लावून त्यांनी ते गाणे असे आत्मसात केले होते की आड उभ्या राहून गायल्या तर बालगंधर्वच गात आहेत असे वाटे. ‘पर्फेक्ट ब्लू’ पाहिलेल्यांना येथे चपापल्यासारखे होईल. आराध्यासारखे होता होता आराध्याच्या जागीच जाऊन बसणारा भक्त, हे त्या चित्रपटाचे मर्मच आहे. परंतु इतिहास चित्रपटासारखा वागला नाही, आणि आम्हांस सांगावयाचे आहे ते हेच.

नारायणराव गोहरबाईंसह राहू लागले. १९४० साली लक्ष्मीबाई वारल्या आणि १९५१ साली नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. महाराष्ट्राने गोहरबाईंना क्षमा केली नाही. त्यांनी आमच्या गंधर्वाला नादी लावले, माणसांतून उठविले, गरिबीत लोटले, असे बोलले आणि लिहिले गेले. त्या मुसलमान होत्या, गाणाऱ्यांच्या घरातल्या होत्या; हेही त्या रागात मिसळलेले होते. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले दुःख खरे होते, आणि विवाहबंधनाचे पावित्र्य मानणाऱ्या आपल्या वाचकांनी त्याकडे डोळेझाक करावी असे आम्ही म्हणणार नाही. पण राग करणाऱ्यांपैकी कितीजणांना लक्ष्मीबाईंची आठवण होती? त्यांचा राग होता तो, जी वस्तू आपल्या तळहातावर नाचत होती ती कोणी उचलून नेली, याचा होता. एरवी ज्या स्त्रीवर चित्रपटातील खुनी सावलीसारखा आरोप झाला, तिनेच शेवटी काय केले ते पाहावे. १९५० नंतर नारायणरावांचे पाय लुळे पडले. रंगभूमी संपली. भजने गाऊन आणि सरकारी मदतीवर संसार चालू लागला. अशा माणसाला उचलून बसविणे, न्हाऊ घालणे, जेवू घालणे हे काम गोहरबाईंनी १९६४ साली स्वतः मरेपर्यंत केले. मायबापांची तसबिरींवरील फुले चालूच होती.

मानसन्मान उशिरा का होईना आले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पद्मभूषण मिळाले १९६४ साली, गोहरबाई गेल्या त्याच वर्षी. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात नारायणरावांनी देह ठेवला. त्यांच्याच हस्ते १९६२ साली ज्याची कोनशिला बसविली गेली होती ते संभाजी उद्यानाजवळचे बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी उघडले. २०११ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, तेव्हा आमच्या चिंचवड-पिंपरीकडील तरुणांनीही तो गर्दी करून पाहिला, आणि नटाने लुगडे कसे नेसले होते याचीच चर्चा पुन्हा अधिक झाली.

त्या जपानी शिकणाऱ्या तरुणाला घेऊन आम्ही एका रविवारी मिस्सानंतर पुण्यास गेलो आणि बालगंधर्व रंगमंदिरात त्याला गोपाळ देऊसकरांनी काढलेली दोन तैलचित्रे दाखविली. एकात स्त्रीवेषातील बालगंधर्व आहेत, दागिन्यांनी मढलेले. दुसऱ्यात नारायणराव राजहंस आहेत, पुरुषवेषात. एकाच माणसाची दोन चित्रे काढावीत असे चित्रकाराला वाटले याचेच त्या मुलाला फार आश्चर्य वाटले. बराच वेळ तो दोहोंकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग खिशातून मोबाईल काढून त्याने छायाचित्र घेतले. कोणत्या चित्राचे घेतले, असे आम्ही विचारले, तेव्हा तो थोडा ओशाळला आणि दुसऱ्याचे घेण्यासाठी पुन्हा मागे वळला.